पॉम्पेईची माणसं दगड झाली नव्हती

हातांनी चेहरा झाकून बसलेल्या माणसाचा फोटो आणि खाली मजकूर: ‘अंगावर लाव्हा आला आणि पॉम्पेईची माणसं क्षणात दगड झाली.’ हा फॉरवर्ड कितीतरी वर्षं फिरतोय आणि तो चुकीचा आहे.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा पॉम्पेई हे इटलीतलं प्राचीन रोमन शहर गाडलं गेलं ते राखेखाली आणि हलक्या, सच्छिद्र खड्यांखाली. लाव्हा तिथे आलाच नाही. तप्त वायू आणि राखेच्या लोटांत अनेक जण मेले. बारीक राख त्यांच्या देहाभोवती घट्ट बसून कडक झाली. आतलं शरीर कुजून गेलं. उरली हाडं आणि देहाच्या आकाराची पोकळी.

१८६३ मध्ये उत्खननाचे प्रमुख ज्युसेप्पे फियोरेल्ली यांनी अशा पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतवलं आणि ते सुकल्यावर भोवतालची राख काढली. आपल्याकडे गणपतीच्या साच्यात प्लास्टर ओततात तसंच, फक्त इथला साचा राखेने घडवलेला. कपड्यांच्या चुण्यासुद्धा त्यात उमटल्या!

म्हणजे फोटोत दिसतं ते प्लास्टर. पण त्याला नुसता पुतळाही म्हणू नये, कारण आत त्या माणसाची खरी हाडं आहेत. म्हणूनच डीएनए तपासता आला. सोन्याचं कडं घातलेली, मांडीवर मूल घेतलेली एक व्यक्ती आजवर ‘आई’ म्हणून दाखवली जायची. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती व्यक्ती पुरुष निघाली. मुलाशी तिचं रक्ताचं नातंही नव्हतं. तरी शेवटच्या घटकेला ते मूल त्याच्याजवळ होतं, आणि मला ही हकिगत दगडाच्या चमत्कारापेक्षा कितीतरी मोलाची वाटते.