'इंग्लिस'ची 'स्कॉटिस' कशी झाली

स्कॉटलंडच्या सखल प्रदेशातील जुन्या भाषेला आज आपण स्कॉट्स म्हणतो. पण ती लिहिणारे लोक सुरुवातीची निदान शंभर वर्षे तिला या नावाने ओळखत नव्हते. ॲबरडीनच्या चर्चमधील अधिकारी जॉन बार्बर याने १३७५च्या सुमारास रॉबर्ट ब्रूस राजावर दीर्घकाव्य रचले, तेव्हा इंग्लंडशी झालेल्या युद्धाची ती गाथा ज्या भाषेत उतरली तिला त्याने 'इंग्लिस', म्हणजे इंग्रजी, असेच म्हटले. यात विसंगती नव्हती, कारण ही बोली उत्तरेकडील अँग्लियन इंग्रजीतूनच वाढलेली होती.

'स्कॉटिस' हे मुळात दुसऱ्याच भाषेचे, गेलिकचे, नाव होते. लॅटिन ग्रंथांत आयर्लंडमधील गेलांना, म्हणजे गेलिक बोलणाऱ्या लोकांना, 'स्कोटी' म्हणत आणि त्यांच्यासोबत हे नाव समुद्र ओलांडून आले. त्यामुळे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतिहासकार जॉन ऑफ फोर्डून देशातील दोन भाषा सांगतो, तेव्हा डोंगराळ भागातील व बेटांवरील गेलिकला तो स्कॉटिश म्हणतो आणि किनाऱ्यावरील, सखल भागातील भाषेला ट्यूटॉनिक, म्हणजे जर्मानिक.

पुढे राजदरबार, संसद आणि व्यापारी नगरे यांचा व्यवहार सखल प्रदेशाच्या भाषेत स्थिरावला आणि राज्याचे नाव हळूहळू तिच्याकडे सरकले. १४९४मध्ये ॲडम लाउटफुट या लेखनिकाने तिच्यासाठी 'स्कॉटिस' हे नाव वापरल्याचे आढळते. १५१३मध्ये रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्याचा अनुवाद पूर्ण करणाऱ्या गॅव्हिन डग्लसने तर आपण दक्षिणेची, म्हणजे इंग्लंडची नव्हे, आपलीच भाषा लिहितो असे निक्षून सांगितले. मात्र शब्द अपुरे पडले तिथे लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजीतून उसने घेतल्याचेही त्याने मोकळेपणाने मान्य केले.

या बदलाची कळ सर्वांत जवळून जाणवते ती विल्यम डनबार आणि वॉल्टर केनेडी या स्कॉटिश कवींच्या १५००च्या आसपासच्या काव्यकलहात. डनबार केनेडीच्या गेलिकला 'आयरिश' म्हणून हिणवतो. त्यावर नैऋत्य स्कॉटलंडमधील कॅरिक भागातला केनेडी उत्तर देतो की, खऱ्या स्कॉट माणसाची भाषा तीच असायला हवी, कारण ती या भूमीची चांगली भाषा होती. त्याच्या त्या 'होती'मध्ये मला सगळा इतिहास ऐकू येतो. इंग्रज कवी चॉसरची स्तुती करताना डनबार स्वतःच्या भाषेला मात्र अजून 'इंग्लिश'च म्हणत होता.

दोन्ही नावे पुढेही काही काळ शेजारी नांदली. लोकभाषेतील बायबल बाळगण्याची मुभा देणाऱ्या १५४३च्या कायद्यात 'इंग्लिस किंवा स्कॉटिस' असे शब्द आहेत. गेलिकला मात्र तिचे जुने नाव परत मिळाले नाही. सखल प्रदेशात अठराव्या शतकातही तिला 'अर्स', म्हणजे आयरिश, असेच म्हटले जात होते.