कोष्टकातलं शीर्षक: एका नकाराची पार्श्वभूमी

पुण्यात सॉफ्टवेअरची मॅन्युअल लिहिण्याच्या कामात नवा माणूस आला की थोड्याच दिवसांत तो हा प्रयोग करून बघतो. टेबल मोठं, एकेका खान्यात तीन-तीन परिच्छेद. मग खान्याच्या आतच एक हेडिंग द्यायचं आणि त्याखाली रेघ ओढायची. फाइल रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून दस्तऐवज लिहिण्याच्या भाषेत, असेल तर तिथेच अडतं. विभागाचं शीर्षक इथे अपेक्षित नव्हतं, असा एरर येतो. रेघ निदान शीर्षकाइतकी लांब असावी लागते, म्हणून मजकूर मराठी असला तर संशय आधी रेघेवरच जातो, आणि त्यात त्याचं चुकतं असंही नाही. ‘पुणे’ डोळ्यांना दोन अक्षरांचं दिसतं, पण युनिकोडच्या हिशेबात चार चिन्हांचं. मात्रेला वेगळं चिन्ह देण्याची ही मांडणी ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीवरून आली. त्यामुळे देवनागरीत रेघ आखूड पडणं नेहमीचंच. इथे मात्र रेघ कितीही लांबवली तरी एरर जात नाही.

त्याचं कारण शोधायला बरंच मागे जावं लागतं. इयान फेल्डमन यांनी १९९२ च्या सुमारास ‘सेटेक्स्ट’ ही पद्धत मांडली, ती ‘टिडबिट्स’ हे ई-मेलने जाणारं साप्ताहिक वाचायला सोपं व्हावं म्हणून. शीर्षकाखाली बरोबरच्या चिन्हांची (=) किंवा आडव्या रेघांची (-) ओळ, एवढ्यावरच वाचणाऱ्याला आणि यंत्रालाही कळे की इथून नवा भाग सुरू झाला. पुढे डेव्हिड गुजर यांनी रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट घडवताना ही अधोरेखा उचलली आणि २००२ मध्ये पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या दस्तऐवजांसाठी ही खुणांची भाषा सुचवली. तिच्यात साध्या टेबलाच्या कडाही त्याच बरोबरच्या चिन्हांनी आखतात. खुणा सारख्या, अर्थ वेगळे. तरीही खरी अडचण खुणांच्या सारखेपणाची नाही.

अडचण आहे ती झाडाची. डॉक्युटिल्स हा प्रोग्राम रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमधला मजकूर वाचून त्याचं झाड बांधतो. मुळाशी दस्तऐवज, त्याला विभाग, विभागांना उपविभाग. परिच्छेद, याद्या आणि टेबलं ही या फांद्यांवरची पानं. विभाग फक्त दस्तऐवजाखाली किंवा दुसऱ्या विभागाखाली येऊ शकतो. पानातून फांदी फुटत नाही. शीर्षक दिलं की ते अनुक्रमणिकेत जातं, त्याच्याखालचा सगळा मजकूर त्याचा होतो, आणि त्याच किंवा वरच्या पातळीचं पुढचं शीर्षक येईपर्यंत तो विभाग चालू राहतो. मग खान्यात सुरू झालेला विभाग संपणार कुठे? खान्याच्या भिंतीशी, ओळीच्या शेवटी, की टेबल संपल्यावर? या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, म्हणून हा नकार मला योग्यच वाटतो.

टेबलाची रचना तर आणखी जुन्या घराण्यातली. डॉक्युटिल्समधली ओळ, खाना, स्तंभ यांची अंतर्गत नावं ‘कॅल्स’च्या टेबल-नमुन्यातून आली आहेत. हा अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८० च्या दशकात तांत्रिक कागदपत्रांसाठी हाती घेतलेला उपक्रम. तोच नमुना घेणाऱ्या डॉकबुक या तांत्रिक दस्तऐवजांच्या भाषेतही खान्यात विभाग बसत नाही.

मग खान्यात हेडिंग द्यावं असं लोकांना वाटतं तरी कशामुळे? बरीचशी सवय एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेने लावली, असं माझं मत. १९९० च्या दशकात वेबपानांची मांडणीच टेबलांनी करत, त्यामुळे खान्यात शीर्षक टाकणं रोजचं झालं. साध्या खान्यात ते आजही चालतं; स्तंभाचं किंवा ओळीचं नाव देणाऱ्या शीर्ष-खान्यात मात्र नियमाने नाही. ही पानं हलक्या मार्कअपमध्ये, म्हणजे रीस्ट्रक्चर्डटेक्स्टसारख्या साध्या खुणांच्या भाषांत, आणताना जुनी सवय सोबत आली.

मार्कडाउन या दुसऱ्या हलक्या मार्कअपमध्ये हा प्रश्न निराळ्या वाटेने सुटला. जॉन ग्रुबर यांच्या २००४ च्या मूळ मार्कडाउनमध्ये टेबलच नव्हतं. नंतर गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाच्या प्रकारात आलं, पण खाना एका ओळीचा; त्यात शीर्षकासाठीची हॅशची (#) खूण दिली तर ती हॅश म्हणूनच छापली जाते. आस्किडॉक या तशाच आणखी एका भाषेत खाना स्वतंत्र छोटा दस्तऐवज करता येतो, आणि तिथेही विभागांच्या झाडात न शिरणारं सुटं शीर्षकच वापरायचं असतं.

डॉक्युटिल्सने यासाठी जी सोय ठेवली, तिचं नाव मला फार आवडतं: रुब्रिक. हे अनुक्रमणिकेत न जाणारं, खान्यातही चालणारं अनौपचारिक शीर्षक. शब्द मूळचा लॅटिन, तांबड्या मातीसाठीचा. युरोपातल्या हस्तलिखितांत शीर्षकं तांबड्या शाईने लिहीत, त्यावरून तो आला. आपल्या पोथ्यांतही अध्यायसमाप्तीच्या ओळी आणि श्लोकांचे आकडे हिंगुळाने किंवा गेरूने उठून दिसतात. लॉ कॉलेज रस्त्यावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. खान्यात हेडिंग मागणाऱ्या नव्या सहकाऱ्याला मी आधी पोथीच्या पानातली ती तांबडी ओळ समजावून सांगते, आणि मग रुब्रिक कसं लिहायचं ते दाखवते.