उंदराला मीठ कसे ओळखू येते?

अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरील ॲड्रेनल ग्रंथी) काढून टाकलेल्या उंदराच्या मूत्रातून सोडियम सतत वाहून जाते आणि जादा मीठ मिळाले नाही, तर तो फार दिवस जगत नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कर्ट रिक्टर यांनी 1936 मध्ये दाखवून दिले की, अशा उंदरांना मिठाचे पाणी उपलब्ध असेल, तर ते आपणहून भरपूर पितात आणि तगून राहतात. त्यासाठी मीठ मीठ म्हणूनच ओळखता यायला हवे. ती ओळख जिभेवरून मेंदूपर्यंत कोण पोहोचवते, याचे उत्तर मात्र सरळ नाही, कारण जिभेवरच्या चवीची वार्ता नेणाऱ्या चेता, म्हणजे मज्जातंतू, एकाहून अधिक आहेत.

जिभेच्या पुढच्या भागातील रुचिकलिकांना, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांना, कॉर्डा टिंपनी ही चेता जोडलेली असते; ती सातव्या कर्परचेतेची (थेट मेंदूतून निघणाऱ्या चेतेची) शाखा असून मध्यकर्णातून जाते. मागच्या भागाचे काम नववी कर्परचेता पाहते. उंदराच्या रुचिकलिकांपैकी निम्म्याहून अधिक या नवव्या चेतेच्या वाट्याला येतात, तर कॉर्डा टिंपनीकडे सुमारे 15 टक्केच असतात. या आकड्यांवरून नववी चेताच महत्त्वाची असावी, असे कोणालाही वाटेल.

प्रयोगांनी ही अटकळ खोटी ठरवली. ॲलन स्पेक्टर आणि हार्वी ग्रिल यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंदरांना साधे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, आणि पोटॅशियम क्लोराइड यांतला फरक ओळखायला शिकवले होते. नववी चेता कापल्यानंतरही उंदरांची कामगिरी जवळजवळ पूर्वीसारखीच राहिली. कॉर्डा टिंपनी कापल्यावर मात्र ती स्पष्टपणे ढासळली. याचे कारण पुढच्या भागातील काही पेशींवर असलेल्या सोडियमच्या खास मार्गिकांत, म्हणजे सोडियम पेशीत शिरण्याच्या वाटांत, आहे. अमिलोराइड हे औषध या मार्गिका बंद करते, आणि ते द्रावणात मिसळले की चेता शाबूत असलेल्या उंदरालाही हे दोन क्षार वेगळे सांगता येत नाहीत. रुचिकलिका किती आहेत यापेक्षा त्या कोणती बातमी देऊ शकतात, हे येथे निर्णायक ठरते.

मग नवव्या चेतेचे काम काय? क्विनाइनसारखा कडू पदार्थ तोंडात गेला की उंदीर जबडा मोठा फाकवून तो बाहेर टाकू पाहतो. ही क्रिया इतकी मूलभूत आहे की, ज्या उंदरांच्या मेंदूचा वरचा भाग खालच्या भागापासून तोडलेला असतो, तेही ती करतात. नववी चेता कापली की हे जबडा फाकवणे खूपच कमी होते, पण कॉर्डा टिंपनी कापल्याने त्यात विशेष फरक पडत नाही. म्हणजे पुढची चेता पदार्थ ओळखण्यासाठी, तर मागची तो नाकारण्यासाठी, अशी विभागणी दिसते. ही मांडणी आकर्षक असली, तरी मला ती जरा अतिसोपी वाटते.

चेता कापल्यावर तिच्या हद्दीतील रुचिकलिका लयाला जातात, हे 19व्या शतकातच लक्षात आले होते. चेता पुन्हा वाढून आली की त्या नव्याने तयार होतात आणि बहुतांशी वागणूकही पूर्ववत होते. या गुणाचा फायदा घेऊन ब्रूस ओकली यांनी 1967 मध्ये दोन्ही चेतांची जोडणी उलटसुलट केली, तेव्हा प्रत्येक चेता नव्या जागेच्या स्वभावाप्रमाणे प्रतिसाद देऊ लागली. पुढे 2008 मध्ये स्पेक्टर यांच्या गटाने हाच प्रश्न, म्हणजे चेता महत्त्वाची की जिभेवरची जागा, वागणुकीला लावला. क्विनाइन दिल्यावर जबडा फाकवण्याची क्रिया पूर्णपणे परत आली ती फक्त जिभेच्या मागच्या भागाला पुन्हा चेता मिळाली तेव्हाच, आणि ती चेता नववी असो वा कॉर्डा टिंपनी, त्याने काही बिघडले नाही. चेता कापण्याच्या प्रयोगांत जे कर्तृत्व नवव्या चेतेचे वाटत होते, त्याचा मोठा वाटा मागच्या भागातील स्वादपेशींकडे जातो.