बाल-सुघटनशल्य शिबिरे, मुंबई

ओठ वा टाळू दुभंगलेल्या, भाजून कातडी आखडलेल्या किंवा हातापायांत जन्मजात व्यंग असलेल्या मुलांवर स्वयंसेवी डॉक्टरांच्या पथकाने ठरावीक दिवसांत विनामूल्य सुघटनशल्य (प्लास्टिक सर्जरी) करण्याची पद्धत. या नोंदीत मुख्यतः दुभंगलेल्या ओठांचा व टाळूचा विचार केला आहे. हे व्यंग साधारणतः ७०० ते १,००० जन्मांमागे एका बालकात आढळते. ग्रहणात गर्भवतीने विळीवर काही चिरले म्हणून ओठ फाटला, हा समज अजून टिकून आहे. त्याला आधार नाही. त्यामुळे आईला मात्र विनाकारण बोल लागतो.

उगम : या शिबिरांचे मूळ थेट सुश्रुतापर्यंत नेण्याचा प्रघात आहे. सुश्रुतसंहितेत कान, नाक व ओठ सांधण्याचे वर्णन आहे. तिच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने पुण्याकडील एका नासिकारोपणाचा वृत्तान्त छापला. टिपूच्या कैदेत नाक कापल्या गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानावर वीट पाडणाऱ्या जातीतील एका वैद्याने ते केले होते. परंतु तेथे कपाळाची कातडी वापरली आहे, तर संहितेत गालाची. म्हणून परंपरा अखंड होती असे काही मानतात, तर हे कौशल्य कारागिरांत स्वतंत्रपणे वाढले असे इतरांचे मत आहे. दुसरे मत अधिक सावध वाटते. शिबिर या व्यवस्थेचा जवळचा पूर्वज मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मोतीबिंदूची नेत्रशिबिरे हाच असावा.

मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी सुघटनशल्याचा विभाग उभारला आणि कुष्ठरुग्णांच्या विद्रूपतेवरही काम केले. पंढरपूरला जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित १९६८ पासून भारतात येऊन अशी शिबिरे घेत. त्यांना २००१ मध्ये पद्मश्री मिळाली. जुलै १९९१ मध्ये इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन व भारतीय रेल्वे यांची ‘लाइफलाइन एक्स्प्रेस’ ही रुग्णालय-गाडी मुंबईहून निघाली. ओठांच्या शस्त्रक्रिया तिच्या कामात आहेत.

निवड : ओठासाठी ‘दहाचा नियम’ पाळतात : वय किमान १० आठवडे, वजन १० पौंड (सुमारे ४.५ किलो), हिमोग्लोबिन १० ग्रॅम. टाळू दुभंगलेल्या बाळाला ओढून दूध पिता येत नाही, त्यामुळे अनेकांची नावे वजनावरच मागे पडतात. अशा आईला बोंडल्याने, बाळाला उभे धरून, थोडे थोडे दूध पाजायला शिकवणे हे शिबिराआधीचे खरे काम होय. सर्दी किंवा ताप असल्यास शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे ढकलतात. मुंबईच्या पावसाळ्यात हे वारंवार घडते. भुलीपूर्वी अंगावरचे दूध ४ तास, वरचे दूध ६ तास आणि पाणी २ तास बंद ठेवतात. लांबून आलेली आई रडणाऱ्या बाळाला पहाटे पाजते आणि क्रम चुकतो. म्हणून वेळ तिला कागदावर न देता तोंडी, दोनदा सांगावी.

शस्त्रक्रिया : बधिरीकरणाचे इंजेक्शन देण्याआधी निळ्या रंगाचे ठिपके देऊन मापे घेतात, कारण ॲड्रेनलिनयुक्त (रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या) बधिरीकरणाने ऊती फुगतात व खुणा हरवतात. इंजेक्शननंतर ७ ते १० मिनिटे थांबले तर रक्तस्राव बराच कमी होतो. घाईच्या शिबिरात नेमका हाच वेळ वाचवला जातो. ओठासाठी अमेरिकी शल्यविशारद मिलार्ड यांची फिरवून पुढे आणण्याची पद्धत सर्वाधिक रूढ आहे. आतील अस्तर, स्नायू व कातडी असे तीन थर शिवतात. स्नायू नीट न जोडल्यास हसताना ओठाच्या बाजूला फुगवटा येतो. ओठाच्या कडेची पांढरी रेघ १ मिलिमीटरने चुकली तरी समोर बसलेल्याला दिसते.

टाळूचे काम अधिक जोखमीचे. रक्त फुप्फुसात जाऊ नये म्हणून घशात गॉजची पट्टी भरतात. ती आत राहिली तर श्वासासाठी घातलेली नळी काढताच श्वास कोंडतो. यासाठी पट्टी भरल्याची व काढल्याची नोंद भिंतीवरच्या फळ्यावर करतात आणि दोघांनी मोठ्याने म्हणून खात्री करतात. पहिल्या रात्री रक्तस्राव व जिभेची सूज यांचे भय असते. त्यामुळे टाळूची मुले शिबिराच्या आरंभीच घ्यावीत. शेवटच्या दिवशी घेतल्यास रात्री लक्ष ठेवायला शल्यविशारदच उरत नाही.

पाठपुरावा : ओठाचे बाहेरील टाके साधारण ५ ते ७ दिवसांनी काढतात. टाळू ताणाने किंवा संसर्गाने उसवल्यास छिद्र राहून दूध नाकात येते. पुढे कानांची तपासणी, वाणी-उपचार आणि ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान हिरडीत अस्थिरोपण असा लांबचा पल्ला असतो. मुंबईत वांद्र्याची वाणी व श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग संस्था आणि नायर दंत रुग्णालय असल्याने हे शक्य आहे. पण जव्हार-मोखाड्याच्या पालकाची दर फेरीला मजुरी बुडते. याच कारणाने पाहुण्या पथकापेक्षा स्थानिक शल्यविशारदांना वर्षभर निधी देण्याची, स्माइल ट्रेन या संस्थेने १९९९ पासून रुजवलेली पद्धत अधिक टिकाऊ ठरली आहे. २०१३ मध्ये पालघरहून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेल्या ओठ-टाळूची तपासणी समाविष्ट आहे.

जन्मजात वाकड्या पायांसाठी आता मोठी शस्त्रक्रिया क्वचितच लागते. पॉन्सेटी पद्धतीत आठवड्यागणिक प्लास्टर बदलतात व पुढे सुमारे ४ वर्षांच्या वयापर्यंत रात्री ब्रेस घालतात.