दहा सेंटीमीटर कापड आणि घामाचा हिशेब

जुलै २०२१ मध्ये बल्गेरियातील वार्ना या समुद्रकाठच्या शहरात युरोपीय बीच हँडबॉल स्पर्धा चालू होती. कांस्यपदकाच्या सामन्यात नॉर्वेच्या महिला संघाने बिकिनीऐवजी आखूड, घट्ट शॉर्ट्स घातल्या, आणि युरोपीय हँडबॉल महासंघाने प्रत्येक खेळाडूमागे १५० युरो याप्रमाणे संघाला एकूण १५०० युरोंचा दंड केला. त्या वेळच्या नियमानुसार स्त्रियांच्या चड्डीची कमरेच्या बाजूची रुंदी जास्तीत जास्त दहा सेंटीमीटर असणे आणि तिची कड मांडीवरून वर तिरकी कापलेली असणे बंधनकारक होते. पुरुषांच्या शॉर्ट्स मात्र गुडघ्याच्या वर दहा सेंटीमीटरपर्यंत खाली आलेल्या चालत होत्या. मापाचा आकडा दोन्हीकडे एकच असला, तरी पुरुषांच्या बाबतीत तो पाय किती उघडा राहावा याविषयी होता आणि स्त्रियांच्या बाबतीत कापड किती असावे याविषयी.

मराठीत अशा पोशाखासाठी ‘अंगप्रदर्शन’ हा शब्द सहज वापरला जातो. या शब्दात दाखवण्याचा हेतू घालणारीवर टाकलेला असतो. वार्नामध्ये घालणाऱ्यांनी अधिक कापड मागितले होते आणि त्याबद्दलच त्यांना शिक्षा झाली, ही गोष्ट त्या शब्दाच्या कक्षेत मावत नाही. अशा नियमांच्या समर्थनासाठी प्रेक्षक आणि प्रायोजक यांची कारणे दिली जातात. त्यांचा विचार अर्थशास्त्राने करावा. मला येथे तपासायचा आहे तो विज्ञानाचा आधार सांगणारा युक्तिवाद: उन्हात, वाळूवर खेळायचे असेल तर शरीर थंड राहण्यासाठी कमीत कमी कपडे हवेत. हा युक्तिवाद इतका सरळ वाटतो की तो कोणी मोजून पाहत नाही, आणि तो मोजता येण्याजोगा आहे.

आपले स्नायू हे फारसे कार्यक्षम यंत्र नाही. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण २० ते २५ टक्के ऊर्जा प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येते आणि उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. त्यात वाळू पायाखालून सरकते, पाऊल रोवले की तिला हलवण्यात ऊर्जा खर्च होते. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ मध्ये केलेल्या मोजमापांनुसार वाळूवर धावायला टणक जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट ऊर्जा लागते. बीच हँडबॉल खेळणाऱ्या खेळाडूच्या शरीरात ५०० ते ६०० वॉट उष्णता निर्माण होते असे आपण धरू. म्हणजे घरातील इस्त्रीच्या निम्म्याहून अधिक. ही उष्णता बाहेर गेली नाही, तर शरीराचे तापमान काही मिनिटांतच अर्धा-एक अंशाने वाढेल.

ती बाहेर काढण्याचे मुख्य साधन म्हणजे घाम, आणि या यंत्रणेविषयी मला विलक्षण आदर वाटतो. त्वचेत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. त्यांनी सोडलेल्या पाण्याचा प्रत्येक ग्रॅम वाफ होताना त्वचेकडून सुमारे २४३० ज्यूल उष्णता घेतो. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. तासाभरात एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर जवळजवळ ६७५ वॉट दराने उष्णता बाहेर पडते. मात्र थंडावा घाम येण्यामुळे मिळत नाही, तो घाम वाळण्यामुळे मिळतो. कपाळावरून ओघळून जमिनीवर पडलेल्या थेंबाने जाताना शरीराची जवळजवळ काहीच उष्णता नेलेली नसते.

घाम किती वेगाने वाळेल हे ठरते ते त्वचेलगतच्या आणि हवेतील बाष्पदाबांमधील, म्हणजे पाण्याच्या वाफेच्या दाबांमधील, फरकावरून. ३५ अंश सेल्सियस तापमानाच्या ओल्या त्वचेलगत बाष्पदाब ५.६ किलोपास्कल असतो. मे महिन्यात मुंबईत हवेचे तापमान ३३ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल, तर हवेतील बाष्पदाब ३.५ किलोपास्कल भरतो आणि फरक उरतो २.१ किलोपास्कल. त्याच दिवसांत नागपुरात ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर हवेतील बाष्पदाब जेमतेम १.३ किलोपास्कल असतो आणि फरक ४.३ किलोपास्कल होतो. म्हणून मुंबईत माणूस चिकचिकाटाने हैराण होतो, तर नागपुरात घाम आल्याचे कळण्याआधीच तो वाळून गेलेला असतो. या फरकाला अडवणारी गोष्ट म्हणजे त्वचेला चिकटलेला हवेचा पातळ थर. वारा आणि स्वतःची हालचाल यांमुळे तो थर झिजतो आणि वाफेची वाट मोकळी होते.

आता यात कापड आणू. पातळ, वाफ जाऊ देणाऱ्या विणीचे खेळाचे कापड वाफेला जो अडथळा करते, तो वाऱ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या त्वचेलगतच्या हवेच्या थराइतकाच, फार तर त्याहून थोडा अधिक असतो. याचा अर्थ असा की जेवढी त्वचा अशा कापडाखाली जाईल, तेवढ्या भागाची थंडावा देण्याची क्षमता साधारण निम्मी होते; ती शून्य होत नाही. बिकिनीच्या जागी आखूड शॉर्ट्स घातल्या तर जादा किती त्वचा झाकली जाते? प्रौढ स्त्रीच्या शरीराचे पृष्ठफळ सुमारे १.७ चौरस मीटर धरले, तर माझ्या अंदाजाने त्याच्या पाच ते सात टक्के. समुद्रकाठी हवा ३० अंश, आर्द्रता ६० टक्के आणि वारा सेकंदाला दोन मीटर असेल, तर पूर्ण ओल्या उघड्या शरीराची बाष्पीभवनाने थंड होण्याची कमाल क्षमता हजार वॉटच्या आसपास येते. सहा टक्के भागाची क्षमता निम्म्यावर आली, तर त्यातून साधारण तीस वॉट कमी होतात. खेळाडूची गरज ५०० ते ६०० वॉटची आहे आणि हाताशी आहेत ९७०. हा हिशेब ओबडधोबड आहे, पण शॉर्ट्समुळे होणारी घट दुप्पट धरली तरी निष्कर्ष बदलत नाही. शिवाय बीच हँडबॉलचा सामना दहा-दहा मिनिटांच्या दोन डावांत संपतो आणि खेळाडू सतत बदलता येतात.

हाच हिशेब पुरुषांना लावला, तर चित्र अधिक स्पष्ट होते. गुडघ्याजवळ येणाऱ्या शॉर्ट्स त्यांच्या त्वचेचा कितीतरी मोठा भाग झाकतात, आणि वजन व स्नायू जास्त असल्यामुळे त्यांच्या शरीरात उष्णताही जास्त तयार होते. स्त्रियांचा घाम सरासरीने थोडा कमी येतो हे खरे असले, तरी वजनाच्या मानाने त्यांचे पृष्ठफळ अधिक असते, आणि ते उष्णता बाहेर टाकायला सोयीचे ठरते. कापड कमी करण्याचा नियम खरोखर उष्णतेसाठी केला असता, तर तो आधी पुरुषांना लागू करावा लागला असता.

ऊन हा आणखी वेगळा भाग आहे. दुपारचा सूर्य समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे हजार वॉट ओततो आणि उघडी त्वचा त्यातील मोठा वाटा शोषून घेते. फिकट रंगाचे कापड त्यातील बराच भाग परत पाठवते आणि अतिनील किरणेही अडवते. विदर्भात कापूस वेचणाऱ्या बाया लुगड्यावर घरधन्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतात आणि डोक्याला घट्ट फडके बांधतात. त्यांनी बाष्पदाबाची कोष्टके पाहिलेली नसली, तरी कोरड्या उन्हात कपडे घातलेल्या माणसाला उघड्या माणसापेक्षा कमी घाम गाळावा लागतो, हे वाळवंटातील प्रयोगांतूनही दिसून आलेले आहे.

खेळात उघडी त्वचा खरोखर उपयोगी पडते अशी उदाहरणे आहेत, आणि ती मान्य केली पाहिजेत. आपल्या मल्लखांबात खांबाची पकड मांड्या, पोटऱ्या आणि काखा यांच्या त्वचेच्या घर्षणावर उभी असते. ते घर्षण जास्त झाले तर त्वचा सोलवटेल, म्हणून खांबाला एरंडेल लावले जाते. तेथील तोकड्या पोशाखामागे पकडीचे शास्त्र आहे. उलट जेथे केवळ वेगाचा प्रश्न होता, तेथे विज्ञानाने खेळाडूंना झाकलेच. सिडनीत २००० साली कॅथी फ्रीमनने ४०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले तेव्हा डोक्यावरच्या टोपीसह तिचे जवळजवळ सर्व अंग पोशाखाखाली होते. पोहण्यात पॉलियुरेथेनचे अंगभर पोशाख आले आणि २००९ च्या रोममधील जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम मोडले गेले. त्यानंतर २०१० पासून नियम करून ते पोशाख बंद करावे लागले. पुरुष आणि स्त्रिया दोघेही ते अंगभर पोशाख घालत होते, कारण पाण्याच्या रोधाला लिंगभेद कळत नाही.

शरीरशास्त्राचे नाव घेऊन स्त्रियांच्या खेळावर बंधने घालण्याची परंपरा मात्र जुनी आहे. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकनंतर स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत त्यांना झेपत नाही असे सांगून बंद करण्यात आली आणि ती थेट १९६० साली परतली. स्की जंपिंग स्त्रियांसाठी वैद्यकीय दृष्ट्या योग्य वाटत नाही, असे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे अध्यक्ष २००५ साली, एकविसाव्या शतकात, म्हणत होते. २०१४ मध्ये स्त्रियांनी ऑलिंपिकमध्ये उड्या घेतल्या आणि कोणतेही वैद्यकीय संकट कोसळले नाही. गळ्यातल्या ताईताने दुखापत टळते म्हणणारी अंधश्रद्धा आपण चटकन ओळखतो. परिपत्रकातून येणारी अंधश्रद्धा ओळखायला अधिक वेळ लागतो.

उलट दिशेनेही हेच घडते. २०१८ च्या फ्रेंच ओपनमध्ये सेरेना विल्यम्सने घोट्यापर्यंतचा काळा, अंगासरशी बसणारा पोशाख घातला होता. आदल्या वर्षी बाळंतपणानंतर तिच्या फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या आणि रक्ताभिसरण नीट राहावे म्हणून तो पोशाख होता, असे तिने सांगितले. त्यामागील तत्त्व सोपे आहे. पायांतील अशुद्ध रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर न्यायला पोटरीचे स्नायू पंपासारखे काम करतात, आणि बाहेरून हलका दाब दिला की शिरा अरुंद होऊन रक्त साचून राहत नाही. (असे पोशाख घातल्याने सामान्य खेळाडूचा वेग आणि ताकद कितीतरी वाढते, या जाहिरातींवर मात्र विश्वास ठेवू नये.) काही महिन्यांनी फ्रेंच टेनिस महासंघाच्या अध्यक्षांनी असा पोशाख यापुढे चालणार नाही असे जाहीर केले आणि खेळाचा व जागेचा मान राखला पाहिजे, असे कारण दिले. अंग झाकणारा, वैद्यकीय कारणाने निवडलेला पोशाख मानाला बाधक ठरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महिला टेनिस संघटनेने लेगिंग्जना स्पष्ट परवानगी दिली, ही समाधानाची गोष्ट आहे.

शरीराच्या हिशेबात न येणारी एक किंमत मात्र मेंदूच्या हिशेबात येते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना खोलीत एकटे बसवून कोणाला पोहण्याचा पोशाख तर कोणाला स्वेटर घालायला दिला, आणि त्याच पोशाखात गणिते सोडवायला सांगितली. पाहणारे कोणीही नसताना पोहण्याच्या पोशाखातील मुलींचे गुण स्वेटर घातलेल्या मुलींपेक्षा कमी आले. मुलांमध्ये असा फरक दिसला नाही. स्पष्टीकरण असे, की आपण कसे दिसतो याकडे बाहेरच्या नजरेने पाहण्याची सवय लागली की लक्षाचा काही वाटा सतत तिकडे जातो, आणि लक्ष ही मर्यादित पुंजी आहे. हे निष्कर्ष विद्यार्थ्यांवरचे आहेत. लहानपणापासून लिओटार्ड, म्हणजे पाय उघडे ठेवणारा घट्ट पोशाख, घालून सराव केलेल्या जिम्नॅस्टला ते जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरेल. तरीही एप्रिल २०२१ मध्ये बासेल येथे जर्मनीची जिम्नॅस्ट सारा फॉस आणि तिच्या काही सहकारी घोट्यापर्यंतचे पोशाख घालून उतरल्या आणि पुढे टोकियोत संपूर्ण जर्मन संघ तसाच उतरला, तेव्हा त्या निश्चिंतपणा मागत होत्या, आणि लक्षाचे हे गणित त्यांच्या बाजूने उभे राहते.

निश्चिंतपणा प्रत्येकीचा वेगळा असतो. २०२१ च्याच सुरुवातीला कार्ला बोर्गर आणि युलिया झुडे या जर्मन बीच व्हॉलीबॉलपटूंनी दोहा येथील स्पर्धेवर बहिष्कार घातला होता, कारण तेथे बिकिनीला मनाई होती आणि टी-शर्ट व लांब पँट घालायला सांगितले होते. नंतर आयोजकांनी ती अट मागे घेतली. त्या दोघींना कमी कापड हवे होते, नॉर्वेच्या मुलींना जास्त. दोन्ही ठिकाणी अपमान वाटला तो आपल्या शरीराचा निर्णय दुसऱ्याने घेतल्याचा.

आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाने त्याच वर्षी नियम बदलला आणि १ जानेवारी २०२२ पासून स्त्रियांना शॉर्ट्स घालण्याची मुभा मिळाली. त्या शॉर्ट्स आखूड आणि अंगाला घट्ट असाव्यात, असे नव्या नियमात लिहिले होते. पुरुषांच्या शॉर्ट्स फार ढगळ नसाव्यात आणि गुडघ्याच्या दहा सेंटीमीटर वर राहाव्यात, एवढीच अपेक्षा राहिली. सैल कापड धावताना लोहाराच्या भात्यासारखे आतबाहेर होते, आतली दमट हवा बाहेर टाकते आणि कोरडी हवा आत घेते, त्यामुळे उन्हात ते घट्ट कापडापेक्षा शरीराला अधिक थंड ठेवते. वाळू आत जाऊ नये म्हणून घट्टपणा हवा असे म्हणावे, तर तीच वाळू पुरुषांच्या शॉर्ट्समध्येही जाते.