सिंगापुरात मुस्लिम जोडप्याचा घटस्फोट : नवरा-बायको वेगवेगळ्या वंशाचे असतील तर

नवरा रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान, बायको सिंगापूरची मलाय, निकाह तिथेच लागलेला. संसार मोडायला आला की गावाकडून पहिला प्रश्न येतो, तलाक त्यांच्या रिवाजाने होणार की आपल्या? सिंगापूरच्या शरियत न्यायालयाला हा प्रश्नच पडत नाही. दोघे मुस्लिम आहेत किंवा लग्न मुस्लिम कायद्याने लागले आहे, एवढे ते पाहते. मलाय, तमिळ, चिनी, कोकणी, सगळ्यांना अर्ज एकच. जोडीदारांपैकी एक मुस्लिम नसेल आणि लग्न नागरी नोंदणीने झाले असेल, तर मात्र कौटुंबिक न्यायालय गाठावे लागते.

तरी एक मेख आहे. हे न्यायालय १९६६ च्या मुस्लिम कायदा प्रशासन अधिनियमाखाली चालते आणि त्यात निवाड्याचा आधार म्हणून 'मलाय रूढीने जिथे बदल होतो त्यासह मुस्लिम कायदा' असे म्हटले आहे. संसारात दोघांनी मिळून उभे केलेल्या मिळकतीला मलाय लोक 'हार्ता सेपेंचारियान' म्हणतात. तिची वाटणी करण्याचा अधिकार आता अधिनियमातच आहे, त्यामुळे नवरा मलाय नसला तरी तो लागू होतो. आपल्याकडच्या मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात अशी वाटणी नाही. म्हणून 'फ्लॅटचे हप्ते मीच भरले' एवढ्यावर भागत नाही. बायकोने घर आणि मुले सांभाळली, तेही हिशेबात धरतात. माझ्या मते भारतीय नवऱ्यांची सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. (कोकणी मुसलमान मलायांसारखेच शाफई, त्यामुळे मजहबचा म्हणजे कायद्याच्या पंथाचा फरक त्यांना फारसा जाणवत नाही. हनफी या दुसऱ्या पंथाच्या घरातल्यांनी मात्र आधी विचारून घ्यावे.)

आधी समुपदेशन, मग अर्ज

थेट दावा दाखल होत नाही. आधी विवाह समुपदेशन कार्यक्रमासाठी ऑनलाइन नोंदणी करायची. २१ वर्षांखालील मूल असेल तर पालकांसाठीचा वेगळा कार्यक्रमही पुरा करावा लागतो. समेट झाला नाही तरच दावा. त्यानंतर मध्यस्थी, तिथे जमले तर संमतीचा हुकूम, नाहीतर सुनावणी. वकील सक्तीचा नाही. निकाल मान्य नसेल तर अपील मंडळ आहे.

नवऱ्याने घरी तोंडी तलाक दिला असेल, तरी तो वैध की नाही हे न्यायालयच ठरवते. बायकोला खुलुक मागता येतो, म्हणजे मोबदला देऊन सुटका. निकाहाच्या वेळच्या अटी मोडल्या असतील तर तक्लिक आहे. तिसरी वाट फसखची, म्हणजे ठरावीक कारणांवरून न्यायालयाने लग्न मोडून देण्याची, आणि इथे भारताशी तुलना करण्यासारखी आहे. नवऱ्याने पोटगी दिली नाही तर भारतात १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याप्रमाणे २ वर्षे वाट पाहावी लागते, तिथे ३ महिने पुरतात. वैवाहिक कर्तव्ये टाळल्याबद्दल आपल्याकडे ३ वर्षे, तिथे १ वर्ष. नवऱ्याला झालेली कैदेची शिक्षा आपल्याकडे ७ वर्षांची लागते, तिथे ३ वर्षांची.

इद्दतीचा (घटस्फोटानंतर बायकोने पुन्हा लग्न न करता थांबायच्या मुदतीचा) खर्च, मुताआ (घटस्फोटितेला दिली जाणारी सांत्वनपर रक्कम), थकलेला मेहर (निकाहात बायकोला द्यायची ठरलेली रक्कम), मुलांचा ताबा आणि मिळकत यांचा निवाडा शरियत न्यायालय करते. मुलांचा निर्वाहखर्च मात्र तिथे मागू नका. त्यासाठी कौटुंबिक न्यायालयात वेगळा अर्ज लागतो. अनेकांना हे शेवटी कळते आणि महिने वाया जातात.

कागदपत्रे

ओळखपत्र किंवा पासपोर्ट, निकाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, भविष्य निर्वाह निधीचे उतारे, फ्लॅटच्या कर्जाचे कागद. निकाह भारतात झाला असेल तर निकाहनाम्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून ठेवा. उर्दूतला हाताने लिहिलेला निकाहनामा घेऊन गेलात तर अडाल. फसख मागणाऱ्या बायकोने बँकेचे उतारे, मोबाइलवरचे संदेश, पोलिसांकडची तक्रार, जे असेल ते तारखेप्रमाणे लावावे.

घटस्फोटाचा दाखला भारतात वापरायचा तर त्यावर अपोस्टिल (परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून मिळणारा अधिकृत शिक्का) घ्या. सिंगापूर २०२१ मध्ये अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आल्यापासून सिंगापूर अकॅडमी ऑफ लॉ ते देते. परदेशी निकालांसाठी भारतीय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये दिलेल्या कसोट्यांवर हुकूम उतरला तर इथे तो मान्य होतो. गावच्या घरजमिनीचा वाद मात्र तिथल्या हुकमाने मिटत नाही. त्यासाठी इथल्याच दिवाणी न्यायालयाचा उंबरठा चढावा लागतो.