२०४४ सालची विमानं आज मोजणारी माणसं

दरवर्षी जूनच्या आसपास एअरबस आणि बोइंग या कंपन्या पुढच्या वीस वर्षांचा हिशेब जाहीर करतात: जगाला नवी विमानं किती लागतील? २०२५ मध्ये एअरबसने सांगितलं, २०४४ पर्यंत ४३,४२०. बोइंगने सांगितलं, सुमारे ४३,६००. धंद्यातले हाडवैरी, आणि दोघांत फरक अर्ध्या टक्क्याचाही नाही. वाचणाऱ्याला वाटावं, चला, यांचंच एकमत झालंय म्हणजे आकडा पक्का.

जरा आत डोकावलं की गंमत कळते. एअरबसच्या मते हवाई प्रवास दरवर्षी ३.६ टक्क्यांनी वाढेल, बोइंगच्या मते ४.२ टक्क्यांनी. फरक चिमूटभर दिसतो. पण चक्रवाढीने वीस वर्षांत पहिल्या दराने प्रवास २.०३ पट होतो आणि दुसऱ्या दराने २.२८ पट. म्हणजे बोइंगच्या जगात लोक बारा टक्के जास्त उडणार, आणि तरी विमानं तेवढीच लागणार! शिवाय बोइंग लहान रीजनल जेटही मोजते, एअरबस शंभर आसनांच्या खालचं काही धरत नाही. बेरीज जुळते, आतल्या रकमा जुळत नाहीत. दूरच्या अंदाजांचा हा स्वभावच आहे. आता नवी मुंबईत विमानतळ सुरू झाल्यामुळे अशा अंदाजांची झळ किंवा फायदा आपल्यालाही पोचणार आहे.

हे लोक मोजतात काय, तर प्रवासी-किलोमीटर. एका प्रवाशाने एक किलोमीटर उडणं हे एक माप. ठाण्याचा माणूस दिल्लीला गेला तर साधारण ११५० आणि लंडनला गेला तर ७२०० च्या आसपास. नुसती डोकी मोजली तर दोघं सारखेच दिसतील, पण इंधन, वैमानिक आणि विमानाचा वेळ यांच्या दृष्टीने ते मुळीच सारखे नाहीत.

या मापाचा आलेख कित्येक दशकं साधारण पंधरा वर्षांत दुप्पट होत आला. त्यामागचं मुख्य कारण उत्पन्न. अगदी गरीब समाजात पगार थोडा वाढला तरी कोणी विमानात बसत नाही. आधी घर, दुचाकी, मुलांची फी. एका टप्प्यानंतर मात्र उत्पन्नापेक्षा प्रवास वेगाने वाढतो, आणि पुढे श्रीमंत देशांत तो पुन्हा मंदावतो. भारत या वक्राच्या चढणीवर आहे. २०२४ मध्ये देशांतर्गत विमानांनी १६.१३ कोटी प्रवाशांची ने-आण केली. लोकसंख्या १४० कोटींच्या वर. नऊ माणसांमागे वर्षाला जेमतेम एक फेरी. अमेरिकेत हाच आकडा माणशी दोनाहून जास्त भरतो. सरासरी फसवी असते हे खरं. नऊ जण आळीपाळीने उडत नाहीत. एक जण महिन्यातून दोनदा बंगळुरूला जातो आणि बाकीचे खालून विमान बघतात. पण अंदाज बांधणाऱ्यांची सगळी आशा त्या खालून बघणाऱ्यांवरच आहे.

मधे संकटं येतातच. १९७३ चं तेलसंकट, २००१ चा न्यूयॉर्कवरचा हल्ला, २००८ ची मंदी. २०२० मध्ये तर जगातला हवाई प्रवास एका वर्षात दोन तृतीयांशाने आटला. २०२४ मध्ये तो २०१९ च्या पुढे गेला, तोही फक्त ३.८ टक्क्यांनी. ‘उद्योग सावरला’ असं म्हणताना एक गोष्ट हळूच गाळली जाते. मधली वर्षं नेहमीच्या चालीने गेली असती तर प्रवास २०१९ पेक्षा वीसेक टक्के जास्त असता. वाढीचा वेग परत आला. बुडालेली वाढ काही परत आली नाही. म्हणून अशा अंदाजात सगळ्यात कच्चा भाग ‘किती’ हा नसतो, ‘कोणत्या साली’ हा असतो.

आता प्रवासाची विमानं कशी होतात ते बघू. मुंबई-दिल्ली मार्गावरचं १८६ आसनांचं एअरबस ए-३२० घ्या. सरासरी ८३ टक्के आसनं भरली म्हणजे दीडशेच्या वर, धरा १५४ प्रवासी. दिवसात सहा उड्डाणं, प्रत्येकी ११५० किलोमीटर. गुणाकार केला तर दिवसाला साडेदहा लाखांहून जास्त प्रवासी-किलोमीटर. वर्षातले पंधरा दिवस दुरुस्तीला सोडले तर वर्षाला साधारण ३७ कोटी. समजा एखाद्या कंपनीला वर्षाला ३,७०० कोटी प्रवासी-किलोमीटर पुरवायचे आहेत: शंभर विमानं लागतील. पण विमान जमिनीवर थांबण्याचा वेळ कमी करून सहाऐवजी सात उड्डाणं बसवली, तर तेच काम ८६ विमानांत होतं. धावपट्टीसाठी ताटकळत आकाशात घिरट्या घालाव्या लागल्या आणि पाचच उड्डाणं झाली, तर १२० लागतात. प्रवासी तेवढेच, पण विमानं ८६ ते १२०! बोइंग आणि एअरबस यांचे वाढीचे दर वेगळे असूनही विमानांचे आकडे इतके जवळ कसे, याचं कोडं अशाच गृहीतकांमुळे सुटतं: विमान किती मोठं असेल, किती भरेल, दिवसात किती उडेल. त्यात सुमारे निम्मी नवी विमानं वाढीसाठी नसतातच. म्हातारी विमानं भंगारात जातात, त्यांच्या जागी ती येतात. तेल महागलं की जुनी लवकर निघतात, स्वस्त झालं की रखडत राहतात.

एकूण बरोबर आणि तपशील साफ चूक, याचं ठळक उदाहरण ए-३८० हे दुमजली विमान. डिसेंबर २००० मध्ये एअरबसने ते बनवायचं ठरवलं. प्रवास वाढणार, मोठे विमानतळ तुडुंब भरणार, म्हणजे एकेका उड्डाणात जास्त माणसं कोंबावी लागणार, असा तर्क होता. अशा प्रचंड विमानांची मागणी वीस वर्षांत हजाराच्या वर जाईल असा कंपनीचा अंदाज होता. प्रवास वाढला, विमानतळही भरले. पण कंपन्यांनी दोन इंजिनांची, मध्यम आकाराची, लांब पल्ल्याची विमानं घेऊन मोठ्या विमानतळांना वळसा घालत थेट उड्डाणं सुरू केली. २०२१ च्या डिसेंबरात शेवटचं ए-३८० ग्राहकाला दिलं तेव्हा आकडा होता २५१, आणि त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या एमिरेट्सने घेतलेली. लग्नातला जुना आचारी पानं किती उठतील ते बिनचूक सांगतो, पण जिलेबी संपेल की मठ्ठा, तिथे तोही चुकतो. इथे तर जिलेबीच उरली, आणि तीही फार महागाची.

आजच्या अंदाजांत पारडं एकेरी मार्गिकेच्या, म्हणजे आसनांच्या मधून एकच वाट असलेल्या लहान विमानांकडे झुकलंय. एअरबसच्या ४३,४२० पैकी ३४,२५० तीच, म्हणजे दर पाचांत जवळपास चार.

आता मुंबई. इथे अंदाज बांधणाऱ्याची वेगळीच पंचाईत होते. भविष्य सांगायला भूतकाळाचे आकडे लागतात, पण मुंबईचे आकडे लोकांची इच्छा सांगतच नाहीत; ते धावपट्टीची मर्यादा सांगतात. अंधेरीच्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तासाला ४६ च्या आसपास उड्डाणं आणि उतरणं झालं की संपलं. २०१८-१९ मध्ये तिथून ४.८८ कोटी प्रवासी गेले-आले, २०२४-२५ मध्ये सुमारे ५.५ कोटी. मधला कोविड धरूनही सहा वर्षांत तेरा टक्के ही वाढ मुंबईला शोभणारी नाही. स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, नाही म्हणून जे विमान आलंच नाही, त्यातला प्रवासी कुठल्याच नोंदीत सापडत नाही. तो आगगाडीने गेला, पुण्याहून उडाला, किंवा घरीच बसला. अभ्यासक त्याला दबलेली मागणी म्हणतात आणि इतर शहरांच्या वाढीवरून, तिकिटांच्या भावावरून तिचा माग काढतात. माझ्या मते या सगळ्या शास्त्रातलं सगळ्यात अवघड काम हेच.

नवी मुंबईचा विमानतळ या दबलेल्या मागणीवरच उभा आहे. १,१६० हेक्टर जमीन, उलव्याची कापलेली टेकडी, वळवलेली नदी, उठवलेली दहा गावं. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला प्रवासी विमानं सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवासी, सगळे टप्पे झाल्यावर नऊ कोटी. हा नऊ कोटींचा आकडा उलवे-पनवेल पट्ट्यातल्या जागेच्या दलालांच्या अगदी तोंडपाठ आहे. ‘साहेब, नऊ कोटी लोक येणारेत, भाव कुठे जातील बघा’, असं छातीठोक सांगतात. आता नऊ कोटी ही इमारतीची क्षमता आहे. लोक तेवढे येतील की नाही आणि कधी, हा पूर्ण वेगळा हिशेब आहे. पण फ्लॅट विकताना कोण कशाला सांगतंय!

शहराला दुसरा विमानतळ देताना काय होऊ शकतं, हे कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहराने दाखवलं. १९७५ मध्ये शहरापासून दूर मिराबेल इथे अवाढव्य विमानतळ उघडला. त्यासाठी शेतकऱ्यांची अफाट जमीन घेतली होती. वर्षाला कोट्यवधी प्रवासी येतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात आकडा तीस लाखांच्या वर कधी गेला नाही. २००४ मध्ये प्रवासी सेवा बंद झाली आणि पुढे टर्मिनलही पाडलं. हवाई प्रवास तर जगभर वाढतच होता, मग घोडं अडलं कुठे? आंतरराष्ट्रीय विमानं मिराबेलला आणि देशांतर्गत जुन्या डॉर्व्हलला, अशी सक्तीची वाटणी केली होती. दोन्ही जोडणारी ठरलेली रेल्वे झालीच नाही. विमान बदलणाऱ्याला सामान घेऊन रस्त्याने जावं लागे, म्हणून तो मॉन्ट्रियल टाळून टोरंटोमार्गे जाऊ लागला. त्यात विमानांचा पल्ला वाढला आणि युरोपाहून येताना तिथे थांबायची गरजही उरली नाही.

मुंबईचं मॉन्ट्रियल होईल असं मला वाटत नाही. इथे जुना विमानतळ खरोखरच भरलेला आहे आणि पनवेलच्या बाजूला वस्ती वाढते आहे. शिवाय दोन्ही विमानतळ अदाणी समूहच चालवतो, त्यामुळे कुठली विमानं कुठून उडवायची यात त्याचाही हात राहणार. वाटणी मात्र पाहण्यासारखी असेल, आणि तिथे ठाणेकर कळीचा. नेरुळ-खारघरच्या माणसाने उलव्याला जायचं हे उघड आहे, अंधेरीच्या माणसाने जायचं नाही हेही उघड. घोडबंदर रोडवरचा माणूस मधे लटकतो.

त्याची निवड अभ्यासक अशी मांडतात: तिकीट, टॅक्सीचं भाडं आणि वेळेची किंमत, तिन्हींची पैशात बेरीज. दोन विमानतळांच्या बेरजांमधला फरक मोठा असेल तर जवळजवळ सगळे एकीकडे जातात. फरक थोडा असेल तर निम्मे-निम्मे. यात सरासरी वेळेपेक्षा बेभरवशाचा वेळ जास्त महागात पडतो. ठाण्याहून अंधेरीला पाऊण तास लागतो की दोन तास, हे निघताना कळत नसेल, तर माणूस दोन तासच धरून निघतो, आणि हिशेबात तेच धरावे लागतात. त्यामुळे एकाच घरातली माणसंही वेगळी वागतात. पहाटे सहाच्या विमानाला रस्ता मोकळा, म्हणून मुलगा अंधेरी पकडेल. शुक्रवारी संध्याकाळी पवईच्या कोंडीच्या धाकाने वडील ‘आपलं ऐरोलीवरून खाली उलवे बरं’ म्हणतील. ठाण्याहून नव्या विमानतळाला जोडणारा उन्नत मार्ग प्रस्तावित आहे. तो झाला की याच माणसांची उत्तरं बदलतील, आणि त्यांच्याबरोबर अंदाजही.

यात आणखी एक घटक येतो: विमानं मिळणार केव्हा? इंडिगोने जून २०२३ मध्ये एका दमात ५०० विमानं मागवली, एअर इंडियाने त्याच वर्षी ४७०. पण २०२४ संपताना एकट्या एअरबसकडे साडेआठ हजारांहून जास्त विमानांची मागणी पडून होती. त्यात प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतल्या धातूचा दोष २०२३ मध्ये उघडकीला आला आणि जगभर कितीतरी नवी विमानं इंजिनांअभावी उभी राहिली. प्रवासी आहेत, धावपट्टी आहे, विमान नाही, असंही होऊ शकतं. वीस वर्षांच्या सरळ रेषेत असे खाचखळगे दिसत नाहीत.

ठाणे-नवी मुंबईपुरतं बोलायचं तर मी दोन कोटी, नऊ कोटी या आकड्यांपेक्षा मेट्रो ८ कडे जास्त लक्ष ठेवीन. दोन्ही विमानतळांना जोडणारा हा सुमारे ३५ किलोमीटरचा प्रस्तावित मार्ग. नागपूरहून उलव्याला उतरून अंधेरीहून दुबईला जाणाऱ्याने वाशीच्या टोलनाक्यापाशी घड्याळाकडे बघत बसायचं की मेट्रोने वेळेत पोचायचं, हे त्यावर ठरेल. बसून राहावं लागलं तर पुढच्या खेपेला तो दिल्लीमार्गे तिकीट काढेल.